खूण न केलेले दोन रुमाल

अख्खी गल्ली त्यांना कडकमामा म्हणे, ते त्यांच्या इस्त्रीमुळे. स्वभावानं माणूस लोण्याचा गोळा. लॉन्ड्रीत तीस वर्षं वाफ खाल्लेली. आलेल्या कपड्याला आधी रंगीत दोऱ्याचा टाका घालून खूण करायची, मगच तो पाण्यात टाकायचा, हा त्यांचा नेम. आजवर कुणाचा मोजाही इकडचा तिकडे झाला नव्हता.

बायको मोठ्या दुखण्यातून उठली, पण औषधांनी तिच्या नाकाचं तंत्र बिघडवलं. कशाचाही वास आला की पोटात ढवळायचं. त्या धास्तीनं चार महिने तिनं उंबरा ओलांडला नव्हता. मामा रोज म्हणत, कोपऱ्यापर्यंत तरी चल. ती रोज कूस बदले. परवा मात्र आपणहून म्हणाली, माझं ते जुनं सेंट आणता का, बघू सोसतंय का.

ते यायचंच बंद झालेलं. दुकानातल्या बाईंनी त्यातल्या त्यात जवळची दोन काढली. दोन्हींत तळाशी कस्तुरी. वर एकात पीच, दुसऱ्यात नाशपती. मामांनी हुंगून हुंगून नाक बधिर करून घेतलं. चुकीचं नेलं तर ती पुन्हा पांघरुणात शिरणार. शेवटी दोन कोऱ्या रुमालांवर एकेक फवारा मागून घेतला, लॉन्ड्रीत आले आणि हाताच्या सवयीनं दोन्हींवर गरम इस्त्री फिरवून बसले. फळं वाफेबरोबर उडाली. उरली नुसती कस्तुरी, अंगाच्या उबेइतकी. त्यात कुठला रुमाल कुठला, याची खूण नाही.

घरी येऊन त्यांनी सगळं कबूल केलं.

"जगाच्या चड्ड्यांना खुणा करता," ती म्हणाली, "आणि बायकोच्या रुमालाला विसरलात?"

मामा बादली घेऊन शेजारी उभे. तिनं डोळे मिटून एक रुमाल नाकाशी नेला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला, आणि तो तिथंच राहिला. बादली रिकामीच होती.

"हा."

"अगं, पण हा म्हणजे कुठला?"

"मला काय विचारता? त्या बाईंनाच विचारू." तिचा पाय खाटेखाली चपला चाचपत होता.

मामांनी घाईघाईनं सुईत लाल दोरा ओवला. टाका काही केल्या नीट बसेना.

"झालं का?" आवाज उंबऱ्याच्या पलीकडून आला.