खंडेनवमीला न उचललेली कात्री

देवापुढे हात जोडले की कुणीतरी बघतंय असं वाटून मी ते चटकन सोडते. त्या नवरात्रात मात्र रोज जोडत होते. माझ्या मोठ्या भावाच्या यकृतात गाठ निघाली होती. ऑपरेशन करायचं, तर दादाला कुणाचंच रक्त जुळत नव्हतं.

साजगावजवळ मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे तेव्हा कृत्रिम रक्त तपासत होते. दुधासारखा पांढरा द्रव, रक्ताऐवजी प्राणवायू वाहून नेणारा. यकृताचा तुकडा काढलेल्या उंदरांना तो द्यायचा आणि ठरल्या दिवशी त्यांना मारून, यकृत नीट भरून आलंय का ते पाहायचं. ते सुरक्षित ठरलं की माणसांवरची चाचणी होती, आणि तीत दादाला घेणार होते.

"तुमचं ते दूध मला कधी चढवताय गं?" दादा विचारायचा. "नासकं नाय ना, तेवढं बघ."

ठरलेला दिवस नेमका खंडेनवमीला आला. आमच्या साहेबांना पूजेची भारी हौस. माईक, शाल, लांबलचक भाषण. कात्र्या-चिमटे पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहिले. पूजा आटोपताच मी कात्री उचलायला गेले.

"मॅडम, हात लावू नका! आज शस्त्रं उठत नाहीत."

"सर, उंदरांना पंचांग कळत नाही."

"तुम्हाला तरी कळू द्या. एक दिवस उशीर झाला म्हणून लिहा, सही मी करतो."

मी चरफडत घरी गेले. उंदीर टुणटुणीत होते. त्या दिवशी तपासले असते, तर सगळं ठीक आहे असंच मी लिहिलं असतं, आणि आनंदानं.

दसऱ्याच्या सकाळी निम्मे मरून पडले होते. यकृतं एका रात्रीत फुगलेली, पांढुरक्या थेंबांनी भरलेली. चाचणी तिथेच थांबली. मी मागितलं होतं त्याच्या बरोबर उलटं पदरात पडलं होतं.

दादाला सांगितलं. "म्हंजे नासलंच," तो म्हणाला. "बरं झालं, तू बघितलंस."

हा योगायोग होता, हे मलाही कळतं. पण तो दिवस थांबवणारा हात माझा नव्हता. आता मी देवाला अमुकच दे म्हणून सांगत नाही; मला काय हवं ते मला तरी कुठे कळलं होतं?

दादाची गाठ तशीच आहे. यंदा पाटावरच्या कात्रीला पहिलं फूल मी वाहिलं. झेंडू दादानंच अंगणातून तोडून दिला होता, दम लागून दोनदा खाली बसत.