पाच जणांची कमिटी आणि मोठा टोप

दोन हजार चोवीस साल. माझं वय एकाहत्तर. पिरंगुटच्या एका कंपनीच्या कॅन्टीनात मी आचारी आहे, आणि त्या दिवशी कमिटीनं माझा भात बंद केला होता.

अगदी बंद नाही. मेनूच्या कागदावर ‘भात – एक मूद’ असं लिहून आलं. मी मुळशीचा. आमच्या खाचरात आंबेमोहर पिकायचा. मूद नैवेद्याला वाढतात, प्रेसवर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला नाही. मी तो कागद भट्टीत घातला. मेनू काही त्यानं बदलला नाही. मोठा टोप माळ्यावर गेला.

कमिटी म्हणजे काय ते सांगतो. कॅन्टीनात काय शिजवायचं ते पाच कामगार ठरवतात. ते मतदानानं निवडून येतात, प्रत्येक कामगाराला पाच मतं. कंपनीत निम्म्याहून थोडी जास्त माणसं सोलापूर-लातूरकडची. त्यांना भाकरी-चपाती पाहिजे, भात नावापुरता. त्यांनी आपल्याच पाच जणांना मतं दिली आणि पाचही जागा घेतल्या. उरलेले बिहारचे आणि आम्ही मूठभर मुळशीचे, कुठंच नाही. लबाडी कुणीच केली नव्हती. रीतच तशी होती.

बिहारच्यांत राजेंदर म्हणून प्रेस-ऑपरेटर होता. वय चाळिशीचं, दोन मुली गावाकडं. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला चार चपात्या जादा वाढल्या. उत्तरेचा माणूस, रोटी खाणार, असा माझा हिशेब. त्यानं त्या तशाच ठेवल्या आणि म्हणाला, “काका, हमारे यहाँ दोपहर को भात चलता है।” मग एकदा टोपाच्या बुडाशी लागलेली खरपुडी त्यानं मागून घेतली. मीठ, वर तेलाचा थेंब. आमच्या मंडळीलाही ती तशीच आवडायची. ती गेल्यापासून खरपुडी मी पाणी घालून भिजत टाकत होतो. राजेंदर मागायला लागला तेव्हापासून ताटलीत काढून झाकून ठेवायला लागलो.

मुदीएवढा भात छोट्या पातेल्यात होतो. त्याला खरपुडी धरत नाही. आठवडाभर राजेंदर मागच्या दाराशी येऊन नुसता बसला. मग म्हणाला, “काका, चाकण में गाँव के दो लोग हैं। महीने के आखिर में मैं भी निकलता हूँ।”

“भातासाटी नोकरी सोडतुयास व्हय?”

“भात के लिए नहीं। किसी ने पूछा ही नहीं, इसलिए।”

मी अ‍ॅप्रन तसाच ठेवून एच.आर.च्या मॅडमकडं गेलो. बावधनहून स्कूटरवर येतात, वयानं माझ्या नातीएवढ्या.

“मॅडम, ही कमिटी निम्म्याच लोकांची हाय.”

“तात्या, ती निवडून आलेली आहे. लोकसभेलाही असंच असतं. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो आत. बाकीच्यांची मतं मोजतात, पण त्यांच्या नावानं आत कुणी बसत नाही.”

“मंग दुसरी रीतच न्हाई का?”

“आहे ना. काही देशांत पक्षाला जेवढी मतं, त्या प्रमाणात जागा देतात. शंभरातली चाळीस मतं, तर पाचातल्या दोन जागा.”

मी जरा विचार केला. “आन मंग आमच्या भागाचा मानूस कोनचा? रस्ता खचला तर कुनाच्या दारात जाऊन बसायचं?”

“हे बरोबर विचारलंत. म्हणून काही ठिकाणी दोन्ही करतात. काही जण आपापल्या भागातून, काही मतांच्या प्रमाणात.”

“म्हंजी चपाती बी आन भात बी.”

मॅडम हसल्या. कमिटीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. त्यांनी साहेबांना विचारलं आणि नोटीस लावली: या वेळी गट करा, प्रत्येकाला एकच मत, मतांच्या प्रमाणात जागा.

जुन्या कमिटीचा पुढारी बार्शीचा गवळी तडक किचनमध्ये आला. “तात्या, आमची कमिटी फोडताय व्हय?”

“कांदा चिरतुया.”

“पाच तोंडं पाच दिशेला झाली, तर मेनू ठरायला दिवाळी उजाडंल!”

त्याचं अगदीच खोटं नव्हतं.

अडचण वेगळीच निघाली. एक जागा मिळायला साधारण पाचवा हिस्सा मतं लागतात, आणि आम्ही मुळशीवाले तेवढे नव्हतो. जमिनी विकून आमची माणसं खोल्यांच्या भाड्यावर बसलीत, कंपनीत राहिलंय कोण? तरी माझ्या पुतण्यानं, संजयनं, भूमिपुत्रांचा गट काढायचं ठरवलं. मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी गेलो.

“गट बिट नगं. राजेंदरच्या गटात जा.”

“तात्या, आपल्या मातीत बिहाऱ्याला मत? गाव हसंल.”

“आपल्या मातीत काय पिकतं रं?”

“भात.”

“मंग त्यो कुनाचा हाय, आपलाच न्हवं? गप जेव.”

जेवला, पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी राजेंदरच आपल्या गटाचा कागद घेऊन त्याच्याकडं गेला. दुसरं नाव संजयचं होतं.

मधे लोकसभेचं मतदान आलं. मी बोटाला शाई लावून कामावर आलो. राजेंदर माझं बोट धरून बघत राहिला. त्याचं मत गावाकडं, जाऊन यायला चार-पाच दिवस जाणार. म्हणाला, “काका, अपनी तो यही कमिटी लोकसभा है।”

निकाल लागला. तीन गवळीचे, दोन राजेंदर-संजय. पहिल्या मीटिंगला एवढी भांडणं झाली की मेनू ठरलाच नाही. दुसऱ्या मीटिंगला गवळीच्याच तिघांत जुंपली. एकाला ज्वारीची भाकरी, दोघांना चपाती. राजेंदर म्हणाला, आठवड्यात दोन दिवस भाकरी घ्या, आमची दोन मतं तुम्हाला. पण भात रोज पोटभर. भाकरीवाला लगेच त्याच्या बाजूला गेला. गवळी बाहेर येऊन मला म्हणाला, “जिंकलात तात्या.” पण उरलेले दिवस चपाती आहेच म्हटल्यावर चेहरा काही पडलेला नव्हता.

देशाचं मला कुणी विचारत नाही, तरी सांगतो. काही जागा मतांच्या प्रमाणात द्याव्या. सगळ्या नको, माझ्या भागाचा एक माणूस मला हाताशी पाहिजेच. भांडणं वाढतील, उशीर होईल, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण निम्म्या पंगतीनं मुकाट ताट सारून उठण्यापेक्षा भांडण परवडलं.

संध्याकाळी राजेंदर मागच्या दाराशी आला. मी चाकणचं विचारलं.

“फोन कर दिया। नहीं आता, बोला।”

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून मोठा टोप उतरवला, घासला, आणि भात मुद्दाम जरा जास्त बुडाला लागू दिला.