सार्वजनिक नळाचं कुलूप

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला के. आर. पुरमजवळ राहायचो. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ होता आणि मागच्या वस्तीतल्या बायका तिथं पाणी भरायच्या. एका उन्हाळ्यात, फार गर्दी होते म्हणून कॉलनीवाल्यांनी त्या नळाला कुलूप घातलं. आमच्याकडे धुणीभांडी करणारी अक्का त्या दिवशी रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. आईनं तिला आमच्या टाकीतलं पाणी दिलं, पण सगळ्या वस्तीला पुरेल एवढं आमच्याकडे कुठलं? शेवटी आई तिला घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. शेजारी चिडले. "तुम्हाला कशाला ही नसती उठाठेव?" असं तोंडावर म्हणाले. काहींनी तर आमच्याशी बोलणंच टाकलं.

काही दिवसांनी कचेरीतला इंजिनिअर स्वतः आला. त्यानं जमलेल्या लोकांना कन्नडमध्ये विचारलं, "नळ सरकारचा आहे. मग कुलूप कुणाचं?" त्यानं सगळ्यांदेखत ते तोडायला लावलं. बायका हसत, एकमेकींना हाका मारत नळाकडे धावल्या.

आई घरात येऊन मटकन खुर्चीत बसली. "सुटले बाई," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तो कॉलनीवाल्यांचंच ऐकेल."