रोजची चिमूट

कोंबडी दाखवताना चाचा आधी तिच्या छातीवरच्या पिसांत फुंकर मारायचा. पिसं बाजूला होऊन कातडी दिसली की म्हणायचा, "देखा, मंग ल्या." तळोद्याच्या बाजारात कोंबड्या विकणारे आणखीही होते. त्यांच्यापैकी कोणाला अशी फुंकर मारताना तुम्ही पाहिलं असेल, तर मला सांगा.

मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे. त्याच्या कोंबड्यांना हिरवट हगवण लागली, तेव्हा मी नवी पिवळी भुकटी पाण्यातून द्यायला सांगितली. चार दिवसांत कोंबड्या उभ्या राहिल्या.

मी फुशारून म्हणालो, "चाचा, आता रोज चिमूटभर टाकत जा. रोग फिरकणारच नाही."

"रोज? आजारी नहीत तरीबी?"

"तरीही. मी शिकलोय ना?"

शिकलेल्या माणसाचा त्याला फार मान. स्वतःचा चहा विसरेल, चिमूट विसरायचा नाही.

दोन वर्षांनी होळी तोंडावर आली आणि तीच हगवण परतली. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला डोंगरातली माणसं उतरतात. त्याची वर्षाची विक्री त्या एका दिवसावर. मी भुकटी दुप्पट केली, मग चौपट. माना पडतच राहिल्या. मी पुस्तक काढून बसलो, ते त्याने हलकेच मिटलं.

"ऱ्हाऊ द्या साहेब. तुम्हनी भुकटी खाईसन रोगबी ग्रॅज्युएट व्हई गया."

तो हसला. मला हसता आलं नाही. रोज थोडं थोडं पाजून आम्ही रोगाला ते औषध पचवायला शिकवलं होतं.

खानावळवाला उरलेल्या जिवंत कोंबड्या मागायला आला. "जित्या शेतस तवलोंग काप. रस्सामा कोणले समजस?"

"मन्हा घरमा शिजत नही, ते दुसराना घर कसं धाडू?" मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "आन हाऊ शिकेल रोग मानूसले लागना, तं मंग कोनती दवाई?"

मी मिटलेलं पुस्तक पिशवीत टाकलं.

भोंगऱ्याच्या दिवशी ढोल वाजत असताना त्याने गावाबाहेर खड्डा खणला. उरलेल्या सगळ्या स्वतःच्या हाताने कापल्या, एकही ठेवली नाही. बाजारात नेताना बांधतात तसे त्यांचे पाय सुतळीने बांधलेले होते. पुरण्याआधी तो एकेकीची गाठ सोडत होता.

"चाचा, आता कशाला?"

त्याने पुढची गाठ घेतली.

नंतर तो बाजारात बसला नाही. शेजारची मिरचीवाली मात्र कित्येक आठवडे त्याची हातभर जागा सोडूनच पथारी पसरत होती.