ठमीच्या फियाटचा ब्रेक

गुडघा दुखतो म्हणून कुणी गाडी विकतं होय? पण ठमीच्या दिपेशनं तसं ठरवून टाकलं होतं. उरणजवळच्या गावात राहणारा हा मुलगा, त्याचे दोन ट्रेलर बंदराच्या कामाला लागलेले, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर आपलाच शब्द चालतो असा त्याचा समज. वरातीला जुन्या गाड्या भाड्यानं देणारा एक जण आईची फियाट मागत होता आणि दिपेश हो म्हणायच्या बेतात होता.

गाडी मुळात दत्तात्रेयची, म्हणजे ठमीच्या नवऱ्याची. साखरेनं त्याचे डोळे गेले तशी ती माडाखाली धूळ खात पडली. दोन वर्षं ठमीनं ते बघितलं आणि बेचाळिसाव्या वर्षी पदर खोचून चावी हातात घेतली. शिकली कुठं, तर बंद पडलेल्या मिठागरात. लांबच लांब सपाट जमीन, आपटायला ना भिंत ना झाड. दत्तात्रेय बाजूला बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "आता गिअर बदल. आता दाब." बांधावरून गाडी खाली उतरायला लागली की त्याचं ठरलेलं वाक्य, "उतारावर इंजन बंद कर, पेट्रोल फुकट जालायचा नाय." बघणारे हसले. हसेनात का! त्यांच्याच लेकीसुना पुढं बाळंतपणाला ठमीच्याच गाडीतून गेल्या.

वीस वर्षं झाली याला. आता उजवा गुडघा सुजला होता, आणि जुन्या फियाटचा ब्रेक म्हणजे अख्खं अंग टाकून दाबायचं काम. दिपेश म्हणाला, "आये, गुडघा गेला, आता गाडी जाऊ दे."

"गुडघ्यासाठी गाडी नाय इकायची मी," ठमी म्हणाली. "गाडीच गुडघ्याजोगी करून घेते."

आणि ती गेली काळूराम मेकॅनिककडे. त्यानं भंगारातल्या एका व्हॅनचा बूस्टर, म्हणजे पत्र्याचा डब्यासारखा गोल तुंबा, काढून फियाटच्या ब्रेकला जोडला. आठ दिवस त्याचं डोकं खाल्लं तिनं. आता ब्रेक पायाच्या अंगठ्यानं दाबला तरी गाडी थांबायची. काळूरामनं बजावलं होतं, "काकी, याचा जोर इंजनावर हाय. इंजन बंद झाला का दोनदा दाबंल, तिसऱ्यांदा दगड." ठमी "व्हय, व्हय" म्हणाली. तिचं लक्ष होतं पायाकडे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दुखला नव्हता तो.

दिपेशनं पैज घातली. दिघीपलीकडे सोनूबाई मावशीकडे जाऊन यायचं. वाटेत एकदा जरी ब्रेकनं दगा दिला तरी चावी त्याची. तो परीक्षकासारखा मागं बसला, दत्तात्रेय नेहमीसारखा पुढं. आगरदांड्यापर्यंत गाडी अशी आली की दिपेशला बोलायला जागाच मिळाली नाही.

आगरदांड्याला खाडी ओलांडायची तर गाड्या नेणारी मोठी बोट. धक्क्याकडे उतरणारा रस्ता, त्यावर गाड्यांची रांग आणि खाली पाणी. रांग हळूहळू पुढं सरकत होती. दत्तात्रेयला बसल्या जागी उतार कळला. "ठमे, इंजन बंद कर."

वीस वर्षांची सवय! तिनं चावी फिरवली. गाडी आपसूक घरंगळली, तिनं ब्रेक दाबला, थांबली. पुन्हा घरंगळली, पुन्हा दाबला, पण पाय जरा जड गेला. तिसऱ्यांदा ब्रेक दगड झाला. पुढं बर्फाचा टेम्पो. ठमीनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, गुडघ्यातून कळ थेट मस्तकात गेली, हँडब्रेक खेचला. टेम्पो चार बोटांवर राहिला.

मग मागून दिपेशचा हात पुढं आला. "आये, चावी."

ठमी घाबरली होती, लपवायचं कशाला? पण त्याहून जास्त संतापली होती, आणि तेही स्वतःवरच. काळूरामनं सांगितलं होतं, आपण व्हय म्हणून सोडून दिलं.

"ब्रेकनं दगा नाय दिला," ती म्हणाली. "इंजन मीच बंद केला. चूक माजी हाय, गाडीची नाय. चावी भेटनार नाय." मग नवऱ्याकडे वळली. बोलणं जड गेलं तिला, पण बोलली. "अवो, वीस वरसं तुमचा ऐकला. आता इंजन मी म्हनंन तवाच बंद."

दत्तात्रेयचा चेहरा पडला. गाडी तिच्या हातात असली तरी इंजिन कधी बंद करायचं ते सांगणं, तेवढं एक त्याच्याकडे उरलं होतं. त्यानं डॅशबोर्डवरून हात फिरवला.

"मना दिसत नाय म्हनून तर तू चालवतस," तो म्हणाला. "तुना दिसंल तसा कर."

ठमीनं इंजिन चालू केलं. सगळा उतार ती एका अंगठ्यावर उतरली, फळी ओलांडून तिनं गाडी बोटीवर चढवली आणि खलाशानं हात दाखवला तिथंच थांबवली. मग नवऱ्याला म्हणाली, "आता बंद करते," आणि चावी काढून कमरेला खोचली.

दिपेशचा हात अजून पुढंच होता. त्यावर तिनं भाकऱ्यांचा डबा ठेवला. "मावशीचा हाय. सांभालून धर."