आमच्या बांधावरच्या घुशी

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. एक घडतो, तो सांगता सांगता दुसरा आठवतो, तिसरा तर समोरचाच सांगायला लागतो, आणि इकडे ताटातली भाकरी गार! आमच्याकडे पाहुण्यांसमोर कोणी चुकून "घूस" हा शब्द काढला, की माझा नवरा नितीन आणखी चहा टाकायला सांगतो. "आता कोणी लवकर उठत नाही," म्हणतो.

आधी थोडी ओळख करून देते. माझं माहेर ठाण्यातलं, ब्लॉकमधलं. लग्न होऊन आले ती पनवेल आणि उरणच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावात. मी पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नितीन न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, आणि शेत बघतात माझ्या सासूबाई, हिराबाई. सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो, शेत त्यांचं!

शेताच्या एका अंगाला खाडी आहे. मध्ये मातीचा बांध. भरतीचं खारं पाणी तो अडवतो, म्हणून आत भात पिकतं. बांधाला भगदाड पडलं, इकडे त्याला खांड म्हणतात, की खारं पाणी आत. मग कित्येक वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. आणि हा बांध आतून पोखरायचं काम करतात घुशी. उंदीर नव्हे. मांजराएवढी जनावरं! आमच्या शेजारी हसुरामकाकांचं शेत, त्यापलीकडे हमीदचाचांचं. बांध तिघांचा, त्यामुळे घुशीही तिघांच्या.

* * *

नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये सकाळची गर्दी, आणि आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन.

"बाय, नितीन फोन उचलत नाय. आज बिलं भराची हाईत. आजच्या आज. उद्या मोठी भरती हाय, मंग काय उपेग नाय."

भरतीचा आणि बिलांचा संबंध मला कळला नाही, पण उद्या शेवटची तारीख असणार एवढं कळलं. नव्या सुनेचा उत्साह! लंच टाइममध्ये मोबाइलवर लाइट बिल भरलं, गॅसचं भरलं, केबलचं भरलं. आईंचा रिचार्जही मारून टाकला.

संध्याकाळी घरी आले तर आई अंगणात फावडं घेऊन उभ्या.

"आई, सगळी बिलं भरली!"

"सगली?" त्या माझ्या स्वच्छ चपलांकडे बघायला लागल्या. "बांधावर कवा गेलतीस?"

नितीन पायरीवर बसून पोट धरून हसायला लागला. मग त्यानेच समजावलं. आमच्या गावात "ळ" कोणी उच्चारत नाही. बिलं म्हणजे बिळं!

आईंना हसू आलं नाही. त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं.

"चल. आता खरी बिलं भर."

* * *

हसुरामकाकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि डोक्यात रोज नवी आयडिया. त्यांनी मोठा पिंजरा आणला, आत सुकट ठेवली. पहिल्या दिवशी त्यांचीच मांजर सापडली. दुसऱ्या दिवशीही तीच! तिला सुकटीचा पत्ता कळला होता. तिसऱ्या दिवशी मात्र घूस अडकली, चांगली जाडजूड.

नेमकी त्या दिवशी संकष्टी. काकी म्हणाल्या, "आज उंदराच्या जातीला हात लावायचा नाय." मग काकांनी पिंजऱ्यावर पोतं टाकलं, पिंजरा स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि घूस लांब सोडायला निघाले. पळस्प्याला नाकाबंदी.

हवालदाराने विचारलं, "पोत्यात काय आहे?"

"घूस हाय साहेब."

हवालदार हिंदी बातम्या बघणारा असावा; तिकडे घूस म्हणजे लाच. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "काय म्हणालात?"

"घूस! मोठी हाय. दाखवू काय?"

"ओ काका!" तो भडकलाच. "वर्दी दिसली की सगळे सारखेच वाटतात का तुम्हाला? आयुष्यात कोणाकडून चहा घेतला नाही मी!"

"घेऊ नका ओ साहेब. तुमाला कोन देतंय? ही तर मी फुकट सोडाला चाललोय!"

हवालदाराने रागाने पोतं ओढलं. आतली घूस दात दाखवून फिसकारली. तो एका उडीत बॅरिकेडच्या पलीकडे!

"जा! जा तुम्ही! आणि हे बघा, लांब सोडा, आमच्या चौकीपाशी नको!"

काका परत येऊन हे रंगवून सांगत होते, तेव्हा आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक गेली. बाकीच्यांना काय रिक्षा करून देनार, भावजी?"

* * *

हमीदचाचांचं पनवेलला हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस शांत, बोलणं अदबीचं. ते म्हणाले, "हिराभाभी, सुक्या मिरचीची धुरी द्या. एका बाजूने धूर घाला, दुसऱ्या बाजूने जनाब स्वतः तशरीफ आणतील."

एका दुपारी आम्ही बिळाच्या तोंडाशी घमेल्यात निखारे ठेवले, वर मूठभर लाल मिरच्या टाकल्या. चाचा पुठ्ठ्याने वारा घालत होते, मी नाकाला ओढणी बांधून उभी, आणि आई काठी घेऊन पुढच्या बिळावर टपलेल्या. धूर आत तर गेला. बाहेर काही येईना.

तेवढ्यात बांधाच्या कडेच्या खोपटात जोरात धडपड झाली. तिथे जमिनीतून धूर निघत होता, आणि त्याच जमिनीवर मंडपाचे पडदे अंथरून हसुरामकाका झोपले होते! डोळे लाल, नाकातून पाणी, लुंगी एका हातात धरून ते "आग! आग!" ओरडत बाहेर आले.

चाचांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"तौबा! भाभी, एवढी मोठी घूस!"

आम्ही दोघं हसून बेजार. आई मात्र बांधावरून चालत सुटल्या होत्या. धूर त्या खोपटातूनच नव्हता येत. खाडीच्या अंगाने, शेताच्या अंगाने, जिथे बीळ असेल असं कोणाला वाटलं नव्हतं तिथूनही बारीक बारीक निघत होता. त्यांनी मला हाक मारली.

"हसतेस काय, काट्या आन! धूर हाय तवर खुना करून ठेवू."

आम्ही प्रत्येक भोकापाशी काठी रोवली आणि तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. संध्याकाळी पाठी वळून बघितलं तर सगळा बांध चिंध्यांनी भरलेला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आपण रोज ज्याच्यावरून चालतो, तो आतून पोकळ आहे!

* * *

दुसऱ्याच दिवशी मी लॅबमधून पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन लावला. रविवारी एक मुलगा आला. इन केलेला शर्ट, हातात टॅब.

"मॅडम, आपली प्रॉपर्टी किती स्क्वेअर फूट?"

मी आईंकडे बघितलं. आईंनी खाडीकडे हात केला. "भरती असली तर हितपर्यंत. ओहोटी असली तर पार तितपर्यंत."

बिचाऱ्याने टॅबवर काय टाईप केलं देव जाणे. मग म्हणाला, विषाच्या वड्या टाकू, पंधरवड्यात रिझल्ट.

"विष बिलात. बिलातनं पान्यात. पान्यात चिंबोऱ्या." आई एकेक बोट दुमडत होत्या. "चिंबोऱ्या कोन खातं?"

"कोण?"

"जेवून जा, मंग कलंल!"

घरात चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण शिजत होतं. मुलगा जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला, आणि जाताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, विष नकोच टाकायला."

* * *

विष नाही म्हटल्यावर नितीनने बांधावर घुबडांसाठी उंच खांब रोवले, वर आडवी दांडी. आठवड्याभरात खरंच घुबड येऊन बसायला लागलं. मोठी घूस त्याला झेपत नसेल, पण पिल्लं आणि उंदीर कमी झाले.

हसुरामकाकांच्या घरी मात्र गडबड उडाली. काकी आईंकडे आल्या. "घुबड दारात बसलेलं बरं नाय गो वैनी."

"दारात कुटं? बांधावर बसलंय. ड्युटीवर हाय ते!"

* * *

त्याच वर्षी थंडीत एक जमिनीचा एजंट आला. विमानतळ झाल्यापासून असे येतात, पांढरी गाडी, पांढरे बूट. आम्ही तेव्हा चिंध्यांच्या खुणांवरून एकेक बीळ उकरत होतो, आत चिखल आणि दगड ठासत होतो. नितीनची सुट्टी असेल तेव्हा तो, नाहीतर मी, काका, चाचा. आई रोज.

एजंट बांधावर उभा राहून समजावत होता. "मावशी, या वयात कशाला हे चिखलात हात घालणं? बांध आज ना उद्या फुटणार. पाणी आत आलं की मग कोणी विचारणार नाही. आताच सोडा जमीन."

असं म्हणत तो एक पाऊल पुढे आला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला! खाली बीळ होतं. आम्हाला न सापडलेलं. काका आणि नितीनने बगलेत हात घालून त्याला ओढलं. पाय आला, बूट आला नाही.

आई खाली वाकून भोक बघत होत्या.

"आमी सोडलीच असती ओ," त्या म्हणाल्या, "पन बगा ना, जमीन तुमालाच सोडत नाय!"

तो एका बुटावर गाडीपर्यंत गेला. आणि आईंनी ताबडतोब तिथे नवी काठी रोवली.

* * *

आता शेवटचा. शेत वाचलं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही नीट ऐकाल.

श्रावणातली पौर्णिमा. लावणी होऊन भात चांगलं उभं राहिलेलं. मोठी भरती भर दुपारची होती, म्हणून सकाळपासून आम्ही सगळे बांधावर. मातीची पोती भरून ठेवलेली, काकांनी मंडपाची ताडपत्री आणलेली, चाचा दुकान बंद करून आलेले. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याच्या वीतभर खाली आलं. चाचा म्हणाले, "या अल्ला, एवढ्यावर थांबू दे."

तेव्हाच शेताच्या अंगाने बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी उकळल्यासारखं वर यायला लागलं. आधी मुठीएवढं. बघता बघता कळशीएवढं. एक बीळ राहून गेलं होतं!

नितीन त्याच्यावर माती टाकायला लागला. पडली की वाहून जात होती.

"तितं नाय!" आई ओरडल्या. "तोंड भायेर हाय!"

त्या खाडीच्या बाजूला धावल्या. बांधालगत पाण्यात एक छोटा भोवरा फिरत होता. आईंनी कासोटा आवळला, उतारावरून खाली घसरल्या आणि सरळ त्या भोवऱ्यावर जाऊन बसल्या. पाठ बांधाला टेकलेली, छातीपर्यंत पाणी.

शेतातलं पाणी थांबलं!

"आय, उठ!" नितीन किंचाळला. "ओढून नेईल तुला!"

"मी उठले का भात गेलं! पोती टाक!"

मी बांधावर पालथी पडून त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. पाणी त्यांना आत खेचत होतं, ते मला माझ्या हातांत कळत होतं. आता माती वाहून जात नव्हती; काका, चाचा आणि नितीन शेताच्या बाजूने पोत्यावर पोतं रचत होते, वरून ताडपत्री, वरून पुन्हा माती.

"आई, भीती वाटते का हो?"

"वाटते तर," त्या म्हणाल्या. "सोडू नको."

तेवढ्यात माझ्या कोपराशेजारी माती हलली. बांधाच्या माथ्यावरून एक घूस बाहेर आली. नखशिखांत भिजलेली, चिखलाने माखलेली. पळायला तिला जागाच नव्हती, एकीकडे खाडी, दुसरीकडे माणसं. ती आईंच्या खांद्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली आणि थरथरत पाण्याकडे बघत राहिली. आईही पाण्याकडेच बघत होत्या.

नितीनने वर येऊन फावडं उचललं.

"माती टाक, माती!" आई खेकसल्या. "तिच्यात येल नको घालवू!"

नितीन परत खाली उतरला. किती वेळ गेला मला माहीत नाही. माझे हात बधिर झाले होते. मग चाचांनीच आधी बघितलं. बांधावरच्या ओल्या रेघेपासून पाणी बोटभर खाली गेलं होतं. मग दोन बोटं. मग वीतभर.

आम्ही आईंना वर ओढलं. लुगडं फाटलेलं, पाठ सोलवटलेली, ओठ निळे. काकांनी डोक्याचा टॉवेल काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई बांधावर फतकल मारून बसल्या आणि दम खात शेताकडे बघत राहिल्या. भात जागच्या जागी उभं होतं.

घूस अजून तिथेच होती. तिने अंग झटकलं, आणि आमच्या समोरून, हळूहळू, बांधावरून चालायला लागली. नितीनचा हात पुन्हा फावड्याकडे गेला. आईंनी त्याचं मनगट धरलं.

घूस बरीच पुढे गेली तेव्हा त्यांनी तोंडाशी हात नेऊन तिला हाक मारली:

"आज जा! उद्या ये, मंग बगते तुला!"