मालगाडी खाली आहे

रुळांवरून चालायचा मला पगार मिळतो. खांद्यावर पाना-हातोडा, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे, आणि पावसाळ्यात नजर सारखी वर, कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या डोंगराच्या, जांभ्याच्या दरडीवर. दरड कधी सुटेल सांगता येत नाही. तरीही मला तिची तेवढी धास्ती कधी वाटली नाही, जेवढी माझ्या आईची वाटते.

आमचं घर कटिंगच्या एका अंगाला आणि भाताची खाचरं दुसऱ्या अंगाला. मधली जमीन रेल्वेत गेली, तिच्या बदल्यात मला नोकरी लागली, तेव्हा तक्रारीला तोंड नाही. पलीकडे जायला रुळांखालून मोरी आहे, पण तिकडून अर्ध्या तासाचा वळसा. आई कशाला वळसा घेते! कुंपणाला पडलेल्या भगदाडातून ती सरळ रुळांवर उतरते. "रूळ ओलांडू नका" असं रेल्वेतर्फे शाळेत मुलांना सांगून मी घरी आलो की बायको विचारते, "आणि हे भाषण घरात कधी?"

पूर्वी डिझेलची मालगाडी बोगद्यात शिरली की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. भांडी गप्प झाली की आई निघायची. मग विजेच्या तारा आल्या. धूर गेला, रुळालगतच्या आंब्याच्या कलमांवर काजळी बसायची थांबली, चांगलंच झालं. पण इंजिनाचा तो दणकाही गेला आणि भांडी मुकी झाली. प्रवासी गाड्यांच्या वेळा आईला पाठ आहेत. मालगाडीला वेळच नसते. कधी खत, कधी सिमेंट, कधी पाठीवर ट्रकांची रांग घेऊन ती वाटेल तेव्हा येते. शेवटी मी हात टेकले आणि म्हटलं, जायचंच असेल तर आधी मला फोन कर. हे कुठल्याही नियमात बसत नाही, मला माहीत होतं.

त्या दिवशी खाचरांत बेणणी, तण काढायचं काम, चालली होती. दुपारची वेळ, पाऊस कोसळत होता. मी आमच्या भगदाडापासून अर्धा किलोमीटर अलीकडे, बोगद्याच्या तोंडाशी होतो. स्टेशन बोगद्याच्या पलीकडे, खाली खोऱ्यात. तिथल्या माणसाचा फोन आला, "मालगाडी सुटतेय. खाली आहे." आमच्या कामात खाली म्हणजे रिकामी. फोन ठेवतो न ठेवतो तोच आईचा.

"गाडी हाय का रे?"

"मालगाडी आहे, आये. खाली आहे."

"खाली हाय? बरा झाला. मग जातंय मी."

फोन बंद. मला वाटलं, गाडी येतेय म्हटल्यावर घरात परत जातेय. मी गटारातले दगड काढत बसलो. मग बोगद्यातून थंड वारा आला. गाडीच्या आधी तो येतो. आणि मला एकदम कळलं. आईचं खाली म्हणजे स्टेशन. गाडी अजून खाली, स्टेशनातच उभी आहे, असं समजून ती रुळांवर उतरली होती.

फोन लावला, उचलेना. तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत कमरेला असतो, डोक्यावर खोळ, त्यात पाऊस. मी लाल झेंडा सोडायला घेतला तर त्याची गाठ सुटेना. दातांनी ओढली. इंजिन बाहेर आलं तेव्हा मी दोन्ही हातांनी झेंडा हलवत ओरडत होतो. ब्रेक लागले, पण गाडी जागच्या जागी थांबत नाही. रिकामे डबे खडखडत माझ्या समोरून जातच राहिले, आणि पुढे कटिंगमध्ये लांबलचक शिट्टी वाजली.

मी धावलो. गमबुटात पाणी भरलं होतं. शिट्टी थांबली तेव्हा जास्तच भ्यायलो.

भगदाडापाशी पोचलो तेव्हा गाडी उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते डबे. चिखलात आईच्या अनवाणी पावलांचे ठसे रुळांकडे उतरले होते. परत आलेले ठसे नव्हते. मी खडीवर गुडघे टेकले आणि चाकांच्या मधून पाहिलं.

पलीकडे दोन पावलं होती. घोट्यापर्यंत चिखल. उभी.

"आये!"

"तू तर म्हणालास खाली हाय!" डब्यांच्या पलीकडून ती माझ्यावर खेकसली. मी तिथेच खडीत बसून मोठ्याने रडलो.

लाल झेंडा का दाखवला, याची चौकशी झाली. जबाबात मी लिहिलं, "रुळावर माणूस." मी वेळेवर गाडी थांबवली म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या माणसाला रुळावर कुणी पाठवलं, ते कुणी विचारलं नाही.